व्हीएमसी सोडून पीएलसी की मेथड? दोन वर्षांत लाईन बदलावी का?

शिरोली_सेटर

मंडळी, सल्ला पाहिजे. डिप्लोमा मेकॅनिकल, वय २४. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क शॉपमध्ये व्हीएमसीवर (संगणकी कंट्रोलचं उभं मिलिंग मशीन) सेटर कम प्रोग्रामर, दोन वर्षं चार महिने. कंट्रोल फॅनुक. जॉब म्हणजे हब, ट्रॅक्टरची हाऊसिंगं, ब्रेक ड्रमचं ड्रिलिंग. समोर तीन वाटा आहेत.

१) कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्स-ऑटोमेशन ट्रेनी. पीएलसी (मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), सेन्सर, ड्राइव्ह.
२) गोकुळ शिरगावात एका फौंड्रीच्या मेथड विभागात (कास्टिंगमध्ये धातू कसा भरायचा ते ठरवणारा विभाग) ज्युनियर. सिम्युलेशन शिकवतो म्हणालेत.
३) सगळं सोडून पुण्यात सॉफ्टवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स.

पगार पहिल्या दोन ठिकाणी आत्ताएवढाच किंवा जरा कमी. 'मन सांगेल ते कर' छाप सल्ला नको. नक्की काय तपासायचं, काय शिकून बघायचं, कुठं फसायला होतं, ते सांगा.

उद्यमनगरकर

आधी एक भानगड मिटव भावा. कंटाळा कामाचा आलाय का कारखान्याचा? रात्रपाळी, सुपरवायझरची कटकट, उशिरा होणारा पगार यातलं काही असेल तर कारखाना बदल. लाईन बदलून ते जात नाही, नव्या गेटवर तेच भेटतं.

हे कळायला १२ शिफ्टची वही ठेव. पाच रकाने: सेटिंग, जॉब चढवणं-उतरवणं, वाट बघणं (क्रेन, इन्सर्ट म्हणजे टूलची बदलायची पात, क्यूसीची सही), मोजमाप, प्रोग्राम. मिनिटं लिहायची, अंदाज नाही. आठ तासांत प्रोग्रामच्या रकान्यात पाऊण तास पण भरत नसेल, तर तू प्रोग्रामिंग अजून बघितलेलंच नाहीस. बघितलेलं नाही ते सोडायचं का ठेवायचं, हे कसं ठरवणार?

मग स्वतःची परीक्षा घे. तीन प्रश्न:

पीसीडी (होलांच्या वर्तुळाचा व्यास) १८०, ८ होल, पहिलं होल २२.५ अंशावर. कॅम (प्रोग्राम बनवून देणारं सॉफ्टवेअर) न वापरता मॅक्रो बी मध्ये (फॅनुकची चल आणि सूत्रं वापरायची पद्धत) लिही. होल ८ चे १० केले तर प्रोग्राममध्ये एकच आकडा बदलावा लागला पाहिजे. पहिलं होल एक्स ८३.१४९, वाय ३४.४४२ ला यायला हवं. नाही आलं तर कोन तरी चुकलाय नाहीतर मूळबिंदू.

दुसरा. जी ४१ (कटरच्या त्रिज्येचं कॉम्पेन्सेशन) लावल्यावर ४१ नंबरचा इंटरफिअरन्स अलार्म येतो. का? 'ऑफसेट कमी केला की जातो' हे उत्तर नाही. आतला कोपरा कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान आहे का, कॉम्पेन्सेशन चालू करताना लागणारी सरळ चाल पुरेशी लांब आहे का, ते कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. कच्च्या कास्टिंगवर पहिलं ऑपरेशन. तीन पॅडवर जॉब बसतो, चौथा पॅड फिक्स ठेवला की काय होतं? कास्टिंगचा तळ कधी सपाट नसतो. जॉब चौथ्या पॅडवर डुलतो, क्लॅम्प आवळला की वाकतो, वाकलेल्या अवस्थेत बोर गोल होतो आणि क्लॅम्प सोडला की अंडाकृती. मशीनवर मापात, सीएमएमवर (मापं घेणाऱ्या यंत्रावर) रिजेक्ट. म्हणून चौथा आधार जॅक ठेवायचा, नुसता टेकवायचा, उचलायचा नाही.

तिन्ही जमले तर तू प्रोग्रामर आहेस, कुठंही जा, हातात काहीतरी घेऊन जाशील. एकच जमला तर अजून तीन महिने इथंच काढ. अर्धवट सोडलेली विद्या नव्या ठिकाणी कुणी मोजत नाही.

लॅडर_लॉजिक

ऑटोमेशनबद्दल लिहितो, जरा लांबेल.

लोकांना वाटतं लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा दिसणारा प्रोग्राम) लिहीत बसायचं काम आहे. नाही. चालू कारखान्यात मेंटेनन्सकडं आलास तर लॅडर लिहिण्यापेक्षा 'लाईन का थांबली' हे शोधण्यात दिवस जातो. पॅनेलमध्ये डोकं, हातात मल्टिमीटर आणि मागं प्रॉडक्शनवाला घड्याळ बघत उभा. रात्री दोनला फोन येतो. रात्रपाळीला वैतागून इकडं येणार असशील तर येऊ नकोस.

आता परीक्षा. नोकरी न सोडता, आठ आठवडे, रोज दीड तास.

पहिले दोन आठवडे फक्त सॉफ्टवेअर. डेल्टाचं आयएसपीसॉफ्ट फुकट उतरवता येतं, सिम्युलेटर मिळतो. कोडेसिस पण फुकट, त्याचा संगणकावर चालणारा पीएलसी लायसन्सशिवाय दोन तासांनी थांबतो, परत चालू करायचा. सीमेन्सचं टीआयए पोर्टल चाचणीसाठी २१ दिवस मिळतं, ते शेवटी घे. आधी घेतलंस तर शिकता शिकताच मुदत संपेल.

नंतर सामान आण. जुना चालू छोटा पीएलसी, २४ व्होल्ट डीसीचा २.५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), एक एनओ (दाबल्यावर जोडणारं) आणि एक एनसी (दाबल्यावर तोडणारं) पुशबटण, एक इमर्जन्सी बटण, एक पीएनपी प्रॉक्सिमिटी सेन्सर, दोन २४ व्होल्ट रिले, टर्मिनल पट्टी, फेरुल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि फेरुल दाबायचं क्रिम्पिंगचं अवजार. फेरुल विसरू नकोस. वळलेली तार तशीच टर्मिनलमध्ये खुपसली की एखादा केस बाहेर राहतो आणि शेजारच्याला चिकटतो. असा फॉल्ट दिवसभर सापडत नाही.

यावर चार कामं जमली पाहिजेत.

स्टार्ट-स्टॉप. स्टॉप बटण एनसी जोडायचं आणि लॅडरमध्ये कॉन्टॅक्ट 'उघडा' दाखवायचा. नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो, लॅडरमध्ये पण एनसी काढतो आणि मोटर चालतच नाही. एनसी कशाला? तार तुटली तरी मशीन थांबलं पाहिजे म्हणून. स्टॉप एनओ ठेवलास आणि तार तुटली, तर बटण दाबून काही होणार नाही. इमर्जन्सी तर नुसत्या पीएलसीच्या प्रोग्रामवर कधीच सोडायची नसते. ती तारेनं किंवा सेफ्टी रिलेतून थेट पॉवर तोडते, पीएलसीला फक्त खबर मिळते.

सेन्सर. सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीच्या इनपुटचा लागत नाही. दहातल्या बऱ्याच वेळा पीएनपी-एनपीएनचा घोळ असतो. पीएनपी सेन्सर +२४ बाहेर देतो, म्हणून इनपुटचा कॉमन ० व्होल्टला पाहिजे. एनपीएनला उलटं.

डबल कॉइल. एकच आउटपुट लॅडरमध्ये दोन ठिकाणी लिहिलं की वरचं कितीही खरं असू दे, पीएलसी वरून खाली वाचतो आणि शेवटच्या ओळीचं ऐकतो. वरची ओळ हिरवी दिसते, आउटपुट मात्र बंद.

ॲनालॉग. ० ते १० बार, ४ ते २० मिलिअँपचा प्रेशर ट्रान्समीटर. १२ मिलिअँप म्हणजे ५ बार. सीमेन्समध्ये ४ ते २० हे ० ते २७६४८ असं येतं, म्हणजे १२ ला १३८२४ दिसायला हवं. प्रवाह ३.६ च्या खाली गेला तर प्रेशर कमी झालेलं नाही, तार तुटलीय किंवा ट्रान्समीटर मेलाय. शून्य ४ वर ठेवण्याचं कारणच ते.

हे करताना वेळ कसा गेला कळलं नाही तर ये. सेन्सर लागेना म्हणून दोन दिवस चिडून पेटी कोपऱ्यात ढकललीस, तर ते पण उत्तरच आहे.

बेंटोनाइट

ऑटोमेशनवाले नेहमी पेटी घेऊन येतात. 🙂 आता फौंड्रीचं ऐका.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर. कोल्हापुरात कास्टिंग आणि मशिनिंग भिंतीला भिंत लावून आहे. तरी मेथडवाल्याला मशीन शॉप कळत नाही आणि मशीनवाल्याला वाळू कळत नाही. कास्टिंगची बरीच खोड (दोष) मशिनिंगनंतरच उघडी पडते. वरचं ३ मिलिमीटर कातलं की आतलं छिद्र हसत बाहेर येतं. तोवर कास्टिंगचे पैसे गेले, मशीनचा वेळ गेला, इन्सर्ट गेला. सेटर हे रोज बघतो. मेथडवाल्याला ते आठवड्यानं रिजेक्शन रिपोर्टात एका शब्दात कळतं: 'ब्लोहोल'. आणि तो शब्द पण अर्ध्या वेळा चुकीचा असतो.

म्हणून तुझी परीक्षा तुझ्याच शॉपच्या भंगारात पडलीय. परवानगी काढून दहा रिजेक्ट कास्टिंग घे, खोडीतून बँडसॉनं काप. भिंग लाव. पोकळी गोल, आतून गुळगुळीत, चकचकीत असेल तर गॅस. खडबडीत, काटेरी, झाडाच्या फांद्यांसारखी दाणेदार असेल तर श्रिंकेज. कडेला वाळूचे कण चिकटलेले असतील तर सँड इन्क्लूजन. प्रत्येकाची जागा ड्रॉइंगवर टिंबानं मार. मग बघ: टिंबं कोप (साच्याचा वरचा अर्धा) बाजूला गोळा होतात का, जाड बॉसमध्ये (कास्टिंगवरचा जाड उंचवटा) होतात का, इनगेटसमोर (धातू आत शिरतो तिथं) होतात का. दहा टिंबांत कुठंतरी घोळका दिसला आणि 'असं का?' म्हणून झोप लागली नाही, तर मेथडमध्ये ये.

गणित अवघड नाही, पण टाळता येत नाही. मॉड्युलस म्हणजे आकारमान भागिले थंड होणारं पृष्ठफळ. १० सेंटिमीटरचा घन घे: १००० भागिले ६००, मॉड्युलस १.६७ सेंटिमीटर. आता २० बाय २० बाय २.५ सेंटिमीटरची प्लेट: आकारमान १०००, पृष्ठफळ पण १०००, मॉड्युलस १. दोन्हीचं वजन सारखं, साधारण ७ किलो. पण गोठायला लागणारा वेळ मॉड्युलसच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून घन प्लेटपेक्षा जवळपास २.८ पट उशिरा गोठतो. हा १९४० चा ख्वोरिनोव्हचा नियम. रायझर (जॉबला जादा धातू पुरवणारा साठा) जॉबनंतर गोठला पाहिजे, म्हणून त्याचा मॉड्युलस जॉबपेक्षा जास्त, स्टीलला ढोबळ १.२ पट. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्राफाइटचं बीड) ग्राफाइट फुगतं आणि स्वतःच थोडं भरून काढतं, म्हणून रायझर कमी लागतो. पण मोल्ड कडक असेल तरच! मोल्ड मऊ असेल तर भिंत सरकते, जॉब फुगतो आणि आत पोकळी राहते. वजनकाट्यावर जॉब जड भरतो आणि कापला की भोक. नवख्याला हे खरं वाटत नाही.

सिम्युलेशनबद्दल: पडद्यावरचा लाल-निळा रंग बघून हुरळून जाऊ नकोस. पोरिंग तापमान १४०० भरलंस आणि शेवटचा बॉक्स १३४० ला ओतला जातोय, वाळूची ओल ३.५ टक्के गृहीत धरलीस आणि पावसाळ्यात ती हाताबाहेर गेलीय, मग संगणक काय करणार? म्हणून मुलाखतीत विचार: पहिले सहा महिने मला मोल्डिंग लाईन आणि भट्टीवर उभं करणार का? 'नाही, थेट सॉफ्टवेअरवर' म्हणाले तर खुश होऊ नकोस. तिथं तू चित्रं काढणारा होणार.

अजून एक, तुला रोज भेटणारं. पातळ कडेवर इन्सर्ट टकाटक तुटतो, दुसऱ्या जॉबवर तोच चालतो. सेटर म्हणतो 'मटेरियल हार्ड', फीड कमी करतो. ती कड चिल झालेली असते, म्हणजे पटकन थंड होऊन तिथं कडक कार्बाईड तयार झालेलं. कारणं: इनॉक्युलेशन (ग्राफाइट नीट बनावं म्हणून टाकायचं मिश्रण) कमी, किंवा ट्रीटमेंट झाल्यावर लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) फार वेळ थांबला आणि असर उतरला, किंवा कार्बन इक्विव्हॅलंट खाली. ते काढायचं असं: कार्बन अधिक (सिलिकॉन + फॉस्फरस) भागिले ३. कार्बन ३.४, सिलिकॉन २.०, फॉस्फरस ०.१ असेल तर ४.१. हीट नंबर आणि तुटलेले इन्सर्ट यांची यादी एका वहीत दोन आठवडे समोरासमोर लिही. ती वही घेऊन मुलाखतीला गेलास तर मार्कशीट कोण बघतंय!

वाईट बाजू: उष्णता, आवाज आणि सिलिकाची धूळ. तोंडाला रुमाल बांधून सिलिका अडत नाही, योग्य मास्क लागतो. मास्क न देणाऱ्या फौंड्रीत पगार बरा असला तरी जाऊ नये.

नाद_एकाचाच

सगळे त्याला उठवायलाच बसलेत. दोन वर्षं चार महिने म्हणजे कसलं काम हो? अजून एचएमसीवर (आडव्या स्पिंडलचं मशीन) टूंबस्टोनला (जॉब लावायचा चार बाजूंचा उभा खांब) चार फेसवर जॉब लावलेला नाही, प्रोब वापरला की नाही तो लिहीत नाही, चौथा अक्ष नाही, फिक्श्चर डिझाइन नाही. पाच वर्षं एका कामात मुरला की माणूस कोटेशन बघून सायकल टाइम सांगतो. ते कुठल्या क्लासात मिळत नाही. दोन वर्षं इथं, दोन तिथं केलं की तिशीला 'सगळं थोडं थोडं येतं' असा माणूस तयार होतो आणि त्याला पगार पण थोडाच मिळतो.

लॅडर_लॉजिक

@नाद_एकाचाच, मुरण्याबद्दल एकमत. पण लोणचं मुरतं तसं खराब बरणीत सडतं पण. शॉपमध्ये एचएमसीच नसेल तर पाच वर्षं थांबून टूंबस्टोन कुठून येणार? प्रश्न 'किती वर्षं' असा नाही. पुढच्या १२ महिन्यांत या शॉपमध्ये नवीन काय हाताखालून जाणार, याची यादी त्यानं मालकाला विचारून लिहावी. यादीत दोन ओळी पण होत नसतील तर वर्षं मोजून उपयोग नाही.

आणि @शिरोली_सेटर, पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली. तू ज्या मशीनसमोर आठ तास उभा असतोस त्याच्या पोटात पीएलसी आहेच. फॅनुक त्याला पीएमसी म्हणतं. सिस्टिम बटण दाबून पीएमसीच्या पानावर जा, लॅडर दिसतं. अक्षरं चार: एक्स म्हणजे मशीनकडून आलेलं, वाय मशीनला गेलेलं, एफ सीएनसीकडून पीएमसीला, जी पीएमसीकडून सीएनसीला. एक्स ८.४ ला इमर्जन्सी असते, बटण दाबून बिट बदलताना बघ. टूल चेंजर अर्ध्यात अडकला की मेंटेनन्सवाला येईपर्यंत नुसतं उभं राहू नकोस. कुठला वाय चालू आहे आणि कुठल्या एक्सची वाट बघतोय ते शोध. बहुतेक वेळा चिप्स बसलेला किंवा हललेला प्रॉक्सिमिटी सेन्सर निघतो.

फक्त बघायचं, बदलायचं काही नाही. कीप रिले, टायमर, पॅरामीटर यांना हात लावायचा नाही. मशीनचा बॅकअप कार्डवर घेतलेला आहे का हे मेंटेनन्सला विचार, अनेक शॉपमध्ये नसतो. सर्वो ॲम्पच्या एन्कोडरची बॅटरी बदलायची असते तेव्हा मशीनची पॉवर चालू आणि इमर्जन्सी दाबलेली पाहिजे. पॉवर बंद करून काढली की रेफरन्स जातो आणि मग सगळ्या अक्षांचा शून्य परत बसवत बसायचं.

सहा महिने हे केलंस तर कागलच्या मुलाखतीत तू ट्रेनी राहणार नाहीस. सीएनसी वापरणारा आणि त्याचं लॅडर वाचणारा, दोन्ही एकच माणूस, असे कमी असतात.

उद्यमनगरकर

हे लाख बोललास. तोच न्याय बेंटोनाइटरावांच्या दहा कास्टिंगला. मशिनिंगची बाजू हातात ठेवून शेजारच्या खोलीत जायचं. बाजू सोडून गेलास तर तिथं आलेल्या नव्या डिप्लोमावाल्यात आणि तुझ्यात फरक काय?

मंगळवारपेठ_ते_मगरपट्टा

तिसऱ्या पर्यायावर कोण बोलेना म्हणून.

सॉफ्टवेअर वाईट नाही. सहा महिन्यांच्या क्लासची जाहिरात वाईट असते. '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणणाऱ्याला तीन गोष्टी लेखी माग: मागच्या बॅचमधले किती जण, कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर. 'प्लेसमेंट असिस्टन्स' म्हणजे नोकरी नव्हे, फक्त तुझा बायोडाटा पुढं ढकलणं. फी हप्त्यानं असेल तर कागद नीट वाच. बऱ्याचदा ते वित्तकंपनीचं कर्ज असतं, तुझ्या नावावर. क्लास बंद पडला तरी हप्ता चालू.

परीक्षा इथं पण फुकटात होते. पायथन घे, सहा आठवडे, एकच काम: तुमच्या शॉपचा शिफ्ट रिपोर्ट फाइलमधून वाचून ओईई (मशीनचा किती टक्के खरा उपयोग झाला तो आकडा) काढायचा. हातानं आधी असं करून बघ. शिफ्ट ४८० मिनिटं, सुट्टी ३० गेली, ४५० राहिली. मशीन ६० मिनिटं बंद, म्हणजे ३९० चाललं. सायकल ३ मिनिटं, जॉब ११०, त्यातले चांगले १०५. उपलब्धता ८६.७ टक्के, वेग ८४.६, दर्जा ९५.५. तिघांचा गुणाकार ७० टक्के. पडताळा सोपा: १०५ गुणिले ३ भागिले ४५०.

प्रोग्राम इथंपर्यंत पटकन येतो. खरी गंमत पुढं: ऑपरेटरनं बंद वेळ लिहिलाच नाही, तारीख दोन प्रकारे लिहिली, रात्रपाळीचे जॉब दुसऱ्या दिवशी धरले. हे निस्तरताना मजा आली तर सॉफ्टवेअर तुझं. आणि मग पुण्याला जायच्या आधी बघ, मशीनमधून थेट डेटा काढणं (फॅनुकचं फोकास, किंवा ओपीसी यूए) हे शिकलास तर गिऱ्हाईक शिरोलीतच आहे.

करवीर_क्वालिटी

तांत्रिक सगळं झालं, आता पैशाचं आणि कागदांचं. इथं मुलं जास्त फसतात.

सीटीसी (कंपनीला तुझ्यावर पडणारा एकूण खर्च) आणि हातातला पगार यांची तुलना करू नकोस. समजा तुला नव्या ठिकाणी महिना २२,००० सीटीसी सांगितला, बेसिक ११,०००. त्यातून मालकाचा पीएफ १,३२०, ग्रॅच्युइटीची तरतूद ५२९, मालकाचा ईएसआय सुमारे ६३४ आधीच वजा. मग तुझा पीएफ १,३२०, ईएसआय सुमारे १४६, व्यवसाय कर २००. हातात साधारण १७,८५०. आणि आत्ता तुला ओव्हरटाइम मिळत असेल तर तो नव्या 'स्टाफ' पदावर बहुधा मिळणार नाही. मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा काढ, ओव्हरटाइमसकट सरासरी काढ आणि त्याच्याशी १७,८५० ची तुलना कर. बस किंवा गाडीचं कागलपर्यंतचं पेट्रोल वेगळं.

पीएफ काढू नकोस, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर कर. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. ट्रान्सफर केला तर जुनी नोकरी त्या पाच वर्षांत धरली जाते.

बाँड. 'बाँड कोर्टात टिकत नाही' असं चहाच्या गाड्यावर सगळे सांगतात. अर्धवट आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंदी घालणारा करार रद्द ठरवतं हे खरं, पण नोकरी चालू असतानाच्या किमान सेवेची अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय. म्हणून सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि 'प्रशिक्षण' म्हणजे नक्की काय देणार हे लेखी घे. मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणाले तर द्यायची नाही, झेरॉक्स दे.

नेमणूक पत्रात पद काय लिहितात ते बघ. 'ट्रेनी' लिहिलं तर किती महिन्यांनी कायम आणि कुठल्या पदावर, हे त्याच पत्रात पाहिजे. जुन्या ठिकाणचं रिलीव्हिंग आणि अनुभव पत्र घेतल्याशिवाय शेवटचा दिवस करू नकोस. अनुभव पत्रात 'ऑपरेटर' लिहिलं जातं आणि दोन वर्षांचं प्रोग्रामिंग कागदावर उरत नाही. ते 'सेटर व प्रोग्रामर' करून घे, आत्ताच, भांडण व्हायच्या आधी.

नाद_एकाचाच

करवीर ताईंचा शेवटचा मुद्दा बरोबर. बाकी आपलं मत तेच.

शिरोली_सेटर

सगळ्यांचे आभार. १२ शिफ्टची वही झाली. सरासरी: चढवणं-उतरवणं १९० मिनिटं, वाट बघणं ९५, सेटिंग ८५, मोजमाप ७०, प्रोग्राम ४०. उद्यमनगरकर काका, तुमची पाऊण तासाची ओळ पण गाठली नाही.

मालकांना पुढच्या वर्षाची यादी विचारली. एक चौथा अक्ष येणार आहे, दिवाळीनंतर. यादीत एवढंच.

रिजेक्ट हाऊसिंग दहा कापली. सात टिंबं एकाच बॉसमध्ये, काटेरी. तीन विखुरलेली. पीएमसीचं पान पण बघतोय, टूल चेंजरचे एक्स लिहून काढले.

सॉफ्टवेअर सध्या बाजूला. मेथड की पीएलसी हे अजून ठरत नाही.

बेंटोनाइट

सात एकाच बॉसमध्ये! बॉसचा व्यास आणि उंची मोज, लगतच्या भिंतीची जाडी मोज, दोन्हींचे मॉड्युलस काढ. बॉस भिंतीला जिथं चिकटलाय ते पृष्ठफळ धरायचं नाही, तिथून उष्णता जात नाही. इथं सगळे चुकतात. बॉसचा मॉड्युलस मोठा आला आणि रायझरपासून त्याच्यापर्यंतची भिंत पातळ असेल, तर भिंत आधी गोठली आणि बॉसला पुरवठा तुटला. उपाय दोन: बॉसवरच रायझर, नाहीतर बॉसला बाहेरून चिल (तिथला धातू लवकर थंड करणारा धातूचा तुकडा). चिल लावला की तुझ्या ड्रिलला तिथं कडकपणा भेटू शकतो, म्हणून आधी मशिनिंगचा विचार. आकडे इथं टाक, बघू.

उद्यमनगरकर

४० मिनिटं. तरी चौथा अक्ष येणार असेल तर दिवाळीपर्यंत थांबायला काय हरकत आहे? तोवर दोन्ही परीक्षा संपतील. अनुभव पत्रात चौथा अक्ष पण येईल.

शिरोली_सेटर

बॉस व्यास ६०, उंची ५५, भिंत १२. रात्री हिशोब करून टाकतो.

लॅडर दादा, उद्यमनगरातून जुना प्रॉक्सिमिटी सेन्सर आणलाय, तीन तारा. स्टिकर निघून गेलंय. पीएनपी की एनपीएन कसं ओळखू?

लॅडर_लॉजिक

तपकिरी +२४, निळी ०, काळी आउटपुट. पीएलसीला जोडू नकोस अजून. काळी आणि निळीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लाव, मीटर त्याच दोन टोकांवर. समोर लोखंड धर. एनओ सेन्सर असेल आणि २४ च्या आसपास आलं तर पीएनपी. नाही आलं तर रेझिस्टर काळी आणि तपकिरीच्या मध्ये घे, मीटर पण तिथंच, आता आलं तर एनपीएन. दोन्हीकडं काहीच नाही आणि सेन्सरवरचा दिवा पण लागत नाही, तर दुकानदाराकडं परत ने.